बत्तीस कोऱ्या सह्या

४ फेब्रुवारी

चि. भावजींस,

अनेक आशीर्वाद, वि. वि. साठी उलटलेल्या माणसाला चि. लिहिताना हसू येतं, पण नात्यानं मी थोरली, त्याला तुमचा इलाज नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर तुम्ही बघू वहिनी म्हणता आणि लगेच फोन जाऊबाईंच्या हातात देता. कागदावर नुसतं बघू लिहून पाकीट चिकटवायची माणसाला लाज वाटते. म्हणून हा मार्ग.

परवा ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. मी बरी आहे. रोज आठाला कारखाना उघडते. कुलूप काढताना अजून अर्धं पाऊल मागे उभी राहते. किल्ली ह्यांच्या हातात असायची, ती सवय पायांना आहे. मग आठवतं की किल्ली माझ्याच हातात आहे. आत अकरा माणसं, रंध्याचा आवाज, भुशाचा वास. दिवस निघतो.

आता कामाचं. खार आठवते ना? आपल्या जुन्या सुताराची मुलगी. लहानपणी लाकडाच्या ढिगावर चढून बसायची म्हणून ह्यांनीच ते नाव ठेवलं. आता एकोणतीस वर्षांची आहे, सात वर्षं बापाच्या जागी काम करते, पण नाव तेच. तिनं एक नवी शिडी केली आहे.

झालं असं, की मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं वाचनालयाच्या फळ्यांवरून शिकले, हे तुम्हाला माहीत आहे. खालच्या फळ्या संपल्या. वरच्या दोन फळ्यांवरचं काही मागितलं की तिथली बाई पुस्तक बाहेर गेलंय असं सांगायची. वर्षभर मी ऐकून घेतलं. शेवटी खोदून विचारलं तेव्हा कबूल झाली, की पुस्तकं कुठे गेली नाहीत, तिचे गुडघे गेलेत. हे मी कारखान्यात हसत हसत सांगितलं. सगळे हसले, खार हसली नाही. जेवणाच्या सुटीत उरल्यासुरल्या लाकडातून तिनं महिनाभरात एक शिडी उभी केली. तीनच पायऱ्या, पण पाऊल पूर्ण मावेल अशा रुंद, आणि वर कमरेच्या उंचीला धरायला दांडा. घडी केली की कपाटामागे सरकते. आपण आजवर शिड्या केल्या त्या रंगाऱ्यांसाठी, वायरमनसाठी. ज्यांचे गुडघे गेले त्यांना वर चढायचं नसतं, असंच आपण धरून चाललो होतो.

पण तुम्ही दोघा भावांनी केलेल्या करारातलं सातवं कलम आहे. नव्या नमुन्यावर एक मालक चढणार, दुसरा खाली शिडीचे पाय धरणार आणि दोघं तिथेच कागदावर सही करणार. त्याशिवाय नवा नमुना दाराबाहेर जायचा नाही. अर्धा कारखाना तुमचा, ह्यांचा अर्धा आता माझ्या नावावर. तेव्हा चित्र आणि कागद सोबत पाठवते, सही करून परतीच्या टपालानं धाडा.

घाई अशासाठी, की पुलापलीकडच्या फर्निचरच्या कारखान्यानं खारीला बोलावलं आहे. तिला या महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. ती गेली तर शिडीही तिच्याबरोबर गेली, आणि आपले मिस्त्री आता सत्तरीला टेकलेत.

जाऊबाईंना सांगा की त्यांनी दिलेली शाल रोज वापरते. माया आहेच, तिला आठवण करून द्यायची गरज नाही. सहीला मात्र आहे.

तुमची
वहिनी


९ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

शि. सा. नमस्कार, वि. वि. पत्र पोचलं. अक्षर पूर्वीपेक्षा सुधारलं आहे. टोमणे होते तसेच आहेत.

चित्र पाहिलं. मुलगी हुशार आहे यात वाद नाही. पण वहिनी, सही मी करत नाही. रागावू नका, कारण ऐका.

आपल्या पाच प्रकारच्या शिड्या आहेत. पाचही दादानं स्वतः चढून पाहिलेल्या, पाचही मी खाली धरलेल्या. आजवर एकही माणूस आपल्या शिडीवरून पडला नाही. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? नवी शिडी घेऊन उद्या कुणी म्हातारं माणूस आपटलं, तर नाव कुणाचं जाईल? दादाचं. तो आता सांगायलाही नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला बहुधा ठाऊक नसेल. नऊ वर्षांपूर्वी हिला इथल्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली आणि आम्ही गाव सोडलं, तेव्हा माझ्यामुळे दादाचं काम अडू नये म्हणून मी सातव्या कलमाच्या बत्तीस कागदांवर कोऱ्या सह्या करून दिल्या होत्या. बिस्किटांच्या डब्यात घालून त्याच्या हातात दिल्या. डोळे मिटून विश्वास टाकला म्हणा. म्हणजे त्याचे हात मी बांधले नव्हते. तरी जाईपर्यंत त्यानं एकही नवा नमुना काढला नाही. याचा अर्थ त्याला होतं तेच पुरेसं वाटत होतं. ज्याला त्यानं हात लावला नाही त्याला आपण का लावावा?

खार गेली तर वाईट वाटेल. पण माणसं येतात, जातात. कारखाना दादानं ठेवला तसा राहू द्या. मला तेवढंच हवं आहे.

तो डबा सापडला तर आतले कागद फाडून टाका. सह्या इकडेतिकडे पडलेल्या बऱ्या नव्हेत.

तब्येत सांभाळा. माझ्यावरची नाराजी या एका कागदापुरती ठेवा, एवढं मागतो.

आपला
धाकटा

ता. क. ताई, हे पत्र लिहायला ह्यांना दोन दिवस लागले आणि तीन कागद फाडले. साधं नाही म्हणायला माणसाला इतका वेळ लागतो का, ते तुम्हीच ओळखा. आणि गुडघ्याचं ह्यांनी लिहिलेलं नाही ते मी लिहिते. परवा भिंतीवरचं घड्याळ काढायला मीच खुर्चीवर चढले. हे खाली उभे राहून सूचना देत होते. तुमची जाऊ.


१३ फेब्रुवारी

चि. भावजींस,

अनेक आशीर्वाद, वि. वि. डबा सापडला. वॉर्निशच्या डब्यांमागे होता. आत बत्तीस कागद, बत्तीस सह्या. एकही भरलेला नाही.

मिस्त्री म्हणाले, मग अडलंय कुठे, एक भरा आणि मोकळ्या व्हा. सही खरी, कागद खरा, विचारणार कोण? खार नुसती कागदाकडे बघत राहिली. खोटं कशाला सांगू, पेनाचं टोपण मी काढलं होतं.

लिहायला सपाट जागा हवी म्हणून वरचे पंचवीस कागद उचलले, तर खाली ह्यांची चित्रं. सात. उरलेल्या सात कागदांतला एकेक प्रत्येक चित्राला टाचणीनं लावलेला. सात नव्या शिड्या, भावजी. कोनाड्यात बसणारी आहे, जिन्यावर उभी राहणारी आहे. आणि सगळ्या समासात ह्यांचं ते पेन्सिलीचं मुंगीएवढं अक्षर. एकावर लिहिलंय, धाकट्याला विचारायचं, चौथी पायरी हवी का. दुसऱ्यावर, बिजागरी आतून की बाहेरून, तो बाहेरून म्हणेल, पण का म्हणेल. तिसऱ्यावर नुसतं, आला की दाखवू. शेवटचं चित्र जाण्याच्या आधीच्या महिन्यातलं आहे.

मी टोपण लावून टाकलं. तिथेच भुशात बसले जरा वेळ. ह्यांचं अक्षर असं अचानक समोर आलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मिस्त्रींनी रंधा बंद करायला लावला. मी म्हटलं, चालू ठेवा, मला आवाज असलेला बरा वाटतो.

तेव्हा तुमचा हिशोब चुकला. होतं तेच त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. तुम्ही दरवर्षी दोन दिवस यायचात, कारखान्यात चक्कर मारायचात आणि दादा करील ते बरोबर, असं म्हणून माझ्याकडे चहा मागायचात. एकदा ह्यांनी चित्र पुढे केलं होतं, मी दारात उभी होते. तुम्ही न बघताच म्हणालात, सही दिलीच आहे की. ह्यांनी चित्र गुंडाळलं. मला तेव्हा वाटलं, विषय संपला. आज कळलं की तिथेच कारखाना थांबला. त्यांना परवानगी नको होती. ती तर डबाभर होती. त्यांना नको दादा, हे चुकतंय, असं म्हणणारा माणूस हवा होता. एकट्याच्या होकारावर शिडी चढवायची नाही म्हणून तर तुम्ही दोघांनी ते कलम घातलं होतं ना?

विश्वास टाकला म्हणता. टाकलात, पण टाकून निघून गेलात.

आणि दुसऱ्याला कशाला बोलू? पहिल्या पत्रात मीही तेच मागितलं. न बघता, परतीच्या टपालानं. ती चूक मागे घेते. टाचण्या काढून बत्तीसही कागद सोबत पाठवले आहेत. फाडायचे तर तुमच्या हातानं फाडा. चित्रं पाठवत नाही, ती बघायला यावं लागेल.

आता माझं म्हणणं ऐका. करार मी स्वतः वाचला, पेन्सिल घेऊन तीनदा. त्यात दोन बदल हवेत. पहिला असा, की हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण शिडीपाशी उभं राहून, कारण देऊन. पंधरा दिवसांत कुणी येऊ शकला नाही तर जे आहेत ते ठरवतील. दुसरा असा, की माझ्या अर्ध्यातला काही भाग मी त्या अकरा जणांना देणार आणि त्यांच्यातल्या एकाची तिसरी सही कागदावर राहणार. गंमत बघा, माझंच द्यायलाही मला तुमची सही लागते!

मी ठणठणीत आहे. जेवते, झोपते, भांडते. तुम्हीही भांडायला या, तोच आशीर्वाद समजा.

तुमची
वहिनी


१८ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

शि. सा. नमस्कार, वि. वि. पाकीट मिळालं. कागद मोजले. बत्तीस.

दोन दिवस पाकीट टेबलावर ठेवलं. आज लिहितो.

चौथी पायरी नको. तीन पायऱ्यांवर माणूस अंदाजानं उतरतो, चौथी आली की खाली बघावं लागतं आणि खाली बघितलं की तोल जातो. बिजागरी बाहेरून, कारण आतून लावली तर घडी करताना बोट सापडतं. दादाचंच सापडलं होतं. तो चौदा वर्षांचा होता, मी अकराचा. वडिलांना कळू नये म्हणून आम्ही आठवडाभर ते बोट लपवलं. तो विसरला असेल. मी विसरलो नव्हतो. त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं आता लिहीत होतो, पण तुम्ही लिहिलंय की त्यानं चित्र पुढे केलं होतं. मला ते आठवत नाही. मला ते आठवत नाही, हेच वाईट आहे.

पण वहिनी, हिश्श्याचं मला पटत नाही. अकरा डोकी, अकरा तोंडं. आज एक सही, उद्या प्रत्येक खिळ्यावर सभा. कारखाना उभा राहतो तो कुणीतरी एकानं ठामपणे ठरवल्यामुळे. मालकी वाटली की जबाबदारी पातळ होते. हे माझं मत आहे आणि ते तसंच राहील.

येणं अवघड दिसतं. गुडघा आहे, प्रवास सहा तासांचा. पाय धरायला मिस्त्री आहेतच. चढायला दुसरं कुणीही चालेल, पण तुम्ही मुळीच चढायचं नाही. हे मी दादाच्या वतीनं सांगतो आहे.

चुकलो असेन तर पदरात घ्या.

आपला
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. भावजींस,

अनेक आशीर्वाद, वि. वि. आज थोडक्यात लिहिते, लाकूड यायचं आहे.

ह्यांच्या वतीनं बोलायचं तुम्ही थांबवा. चौदा महिने आपण दोघंही तेच करतोय आणि दोघंही चुकीचंच बोललोय. तुम्ही तुमच्या वतीनं बोला. चौथी पायरी आणि बिजागरी यांबद्दल बोललात तसं. ते खारीला वाचून दाखवलं. तिनं ताबडतोब हातातलं काम टाकलं आणि स्वतःच्या शिडीच्या बिजागऱ्या बघायला गेली. आतून होत्या. आता बाहेरून आहेत.

मी तिला सरळ विचारलं, पलीकडे का जातेस, इथे काय कमी आहे? ती म्हणाली, मावशी, तिथे माझं चित्र बघून कुणीतरी नाही तरी म्हणेल. इथे नाही म्हणायलाही कुणी नसतं. तुमच्याकडे यावर उत्तर असेल तर घेऊन या.

अकरा तोंडांची भीती वाटते म्हणता. भावजी, तोंडं आत्ताही अकराच आहेत. फक्त ती जेवणाच्या सुटीत उघडतात आणि आपण आत आलो की मिटतात. खारीनं ती शिडी आपल्यापासून लपवून, उरल्यासुरल्या लाकडातून केली. आपल्याच कारखान्यात चोरून नवं काही करावं लागतं, याला तुम्ही ठामपणा म्हणता का?

२६ तारखेला सकाळी दहाला चाचणी आहे. चढणार मी. चौसष्ट वर्षांची बाई वर जाऊन सुखरूप खाली आली तर यापेक्षा मोठी पारख कुठली? पाय धरायला मात्र मालकच लागतो, तुम्हीच लिहून ठेवलंय. तुम्ही आला नाहीत तर अकरा जण धरतील, आणि मग मालक कोण, हा प्रश्न आपण करारात शोधायला नको.

नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. इथे येऊन म्हणा.

तुमची आणि गुडघ्याचीही शुभचिंतक,
वहिनी


२७ फेब्रुवारी

चि. सौ. जाऊबाईस,

अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि. तुझे यजमान इथे सुखरूप आहेत आणि आणखी चार दिवस राहणार आहेत. ते स्वतः काही धड सांगणार नाहीत, म्हणून मी सगळं क्रमानं लिहिते.

काल दहाला पाच मिनिटं असताना आले. काठी टेकत, बगलेत जुनी पिशवी. मला नमस्कार केला, मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली आणि थेट शिडीपाशी गेले. चहा ठेवला तो निवला. अर्धा तास शिडीभोवती फिरत होते. दांडा हलवून बघितला, पायरीवर नख ओढलं, घडी करून स्वतःचं बोट मुद्दाम मध्ये घातलं. मग म्हणाले, नाही.

खारीचा चेहरा उतरला. पण ते थांबले नाहीत. म्हणाले, दांडा समोर आहे, तो चढताना ठीक. उतरताना ज्याचा गुडघा दुखतो तो माणूस तिरका होतो, तेव्हा हात बाजूला जातो, आणि बाजूला काहीच नाही. खार म्हणाली, बाजूला दांडा लावला तर घडी होणार नाही. ते म्हणाले, मग घडी दुसरीकडून कर. ती म्हणाली, बोलणं सोपं आहे. ते म्हणाले, मी तुझ्या बापालाही हेच ऐकवायचो. ती म्हणाली, बाबा सांगायचे, आणि हेही सांगायचे की दहातल्या चार वेळा तुम्ही चूक असायचात. अगं, मला वाटलं आता काठी उगारतात! तर हसले. चौदा महिन्यांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, तू पाहिलं असशील तर सांग.

मग जे सुरू झालं ते विचारू नकोस. मिस्त्री मध्ये पडले, रंगकाम करणारा पडला, पॅकिंगवाल्या दोघी पडल्या. वर्षानुवर्षं तोंड न उघडलेला आमचा तो मुका समजला जाणारा कातारी, चरकावर लाकूड गोल करणारा, तो म्हणाला की दांडा पायरीच्याच बाजूतून वर काढा, वेगळा लावूच नका. तेच बरोबर होतं. तुझे यजमान जमिनीवर बसून खडूनं रेघा मारत होते, गुडघ्याचं नाव नाही. दुपारी तीनला दांडा बसला.

मी पदर खोचून पुढे झाले. त्यांनी मला हातानं अडवलं. म्हणाले, दुखरा गुडघा माझा, तेव्हा चढणार मी. वहिनी, तुम्ही धरा.

जाऊबाई, ह्यांना वर चढताना मी शेकडो वेळा दारातून बघितलं, पण पाय कधी धरला नव्हता. खाली बसलं की वरचा माणूस दिसत नाही, फक्त त्याचं वजन हाताला कळतं. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. वर जाऊन थांबले. मला वाटलं, घाबरले. मान वर करून बघितलं तर छताकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी मान खाली घालून शिडी घट्ट धरली. तूही त्यांना विचारू नकोस. मग बाजूचा दांडा धरून, तिरके होऊन, खाली न बघता उतरले.

कागदावर त्यांनी सही केली, मी केली. हिश्श्याचं म्हणशील, तर त्यावर दोन तास घासाघीस. मी माझा दहावा भाग देणार म्हटल्यावर त्यांना ते लागलं. वहिनीनं दिलं आणि धाकट्यानं नाही, असं लोक म्हणतील म्हणून त्यांनीही तेवढाच दिला. वर मला सांगतात, हे मला पटलं म्हणून नाही, हट्टापायी देतोय. असू दे. पण अकरांच्या वतीनं एकच सही, ती दर वर्षी बदलायची, ही त्यांची अट. मला ती माझ्या कल्पनेपेक्षा बरी वाटली, पण हे त्यांना कळवू नकोस. पहिल्या वर्षाची सही खारीची. पलीकडच्या कारखान्याला तिनं आज सकाळी नकार कळवला. आणि पहिली शिडी वाचनालयात पोचली. बाईनं वरच्या फळीवरून तीन पुस्तकं स्वतः काढून माझ्या हातात दिली. धूळ झटकायला अर्धा तास लागला.

त्या पिशवीत ते बत्तीस कागद होते. फाडले नव्हते. खारीला दिले, म्हणाले, पाठची बाजू कोरी आहे, चित्रं काढ. पुढच्या बाजूच्या सहीवर एकेक तिरकी रेघ स्वतः मारून दिली.

ह्यांची सात चित्रं आता कामाच्या टेबलावर भिंतीला लावली आहेत. त्यातली पहिली उद्या सुरू करतोय. तुझे यजमान म्हणतात चौथी पायरी नको, खार म्हणते हवी. हे पत्र लिहितेय तेव्हाही खालून दोघांचे आवाज येताहेत. मी खिडकी उघडी ठेवली आहे.

तुझी
ताई